अक्षर कोणाचें?

मनुष्य आयुष्यांत जीं पुस्तकें वाचतो त्यांपैकीं एका पुस्तकाचें परीक्षण मासिकांतून सहसा येत नाहीं. त्याच्या कर्त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें, त्याच्या आवृत्त्या कोणी मोजीत नाहीं, आणि तें फाटलें म्हणजे तें कोणी जपूनही ठेवीत नाहीं. तें पुस्तक म्हणजे अंकलिपि. कादंबरी असो, काव्य असो वा वेदान्त असो, त्या त्या मंदिराकडे जाणारा प्रत्येक वाचक याच उंबरठ्यावरून आंत गेलेला असतो. पण उंबरठ्याकडे निरखून पाहण्याची आपली रीत नाहीं, आपण तो ओलांडतों एवढेंच. या लेखांत त्या उंबरठ्यावर क्षणभर थांबण्याचा विचार आहे. कारण अंकलिपि अक्षरें तर शिकवितेच. पण जगांतील कोणत्या वस्तु लिहिण्याच्या योग्यतेच्या आहेत, हेंही ती मुलास पहिल्याच दिवशीं सांगून टाकते. हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे.

अक्षर आणि वस्तु यांची जोडी आज इतकी स्वाभाविक वाटते कीं, ती नेहमींच होती असा आपला समज होतो. वस्तुतः जुन्या पंतोजींच्या शाळेंत मूल धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवी आणि तोंडानें 'ओनामासिधं' म्हणे. हें मूळचें 'ॐ नमः सिद्धम्'. परंतु घोकणाऱ्याच्या तोंडीं त्याचा अर्थ केव्हांच झिजून गेला, आणि 'ओनामा' या शब्दास मराठींत 'आरंभ' एवढाच अर्थ उरला. त्या पद्धतींत चित्र नव्हतें, वस्तु नव्हती; होता तो बोटाचा वळसा आणि कानांतला नाद. तथापि अक्षरास रूप देण्याची कल्पना मराठीस परकी नव्हती. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, आपल्या ग्रंथाच्या आरंभीं ॐकारासच गणेश कल्पिलें, आणि त्याच्या तीन मात्रांच्या ठायीं त्या गणेशाचे पाय, पोट व मस्तक पाहिलें. तें तत्त्वज्ञान मोठ्यांसाठीं सांगितलेलें आहे खरें. पण अक्षराकडे पाहतां पाहतां त्यांत एक देह दिसूं लागावा, हा अनुभव मुळांत बालकाचाच आहे.

युरोपांत कोमेनियस या शिक्षकानें १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें जें सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें, त्याच्या आरंभींच्या वर्णमालेंत प्रत्येक अक्षराजवळ कांहींना कांहीं आवाज करणारें चित्र होतें, आणि त्यांत पहिला मान कावळ्याचा होता. बंगालमध्यें रवींद्रनाथांचें 'सहज पाठ' १९३० सालीं निघालें, तेव्हां त्याचीं चित्रें नंदलाल बोस यांनीं काढिलीं. ज्या कामास थोर प्रतिभेच्या माणसांनीं हात लाविला तें काम क्षुल्लक समजण्याचा अधिकार आपणांस खचित नाहीं.

आतां आपल्या शाळांतून मूल अक्षर कसें म्हणतें तिकडे लक्ष द्यावें. 'ग म्हणजे गणपति' असें तें म्हणत नाहीं. तें म्हणतें, 'ग गणपतीचा, क कमळाचा, अ अननसाचा.' ही षष्ठी विभक्ति मोठी अर्थपूर्ण आहे. षष्ठीनें स्वामित्व दाखविलें जातें, हें व्याकरण शिकण्यापूर्वींच मुलास पुरतें कळत असतें. 'ही पाटी कोणाची?' यावरूनच त्याचीं बहुतेक भांडणें होतात. तेव्हां पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तें एकच गोष्ट ऐकतें: प्रत्येक अक्षराला कोणीतरी धनी आहे. ग गणपतीकडे गेला, क कमळाकडे गेला, श शहामृगाकडे गेला, क्ष क्षत्रियाकडे गेला. सर्व वांटणी झाल्यावर त्याच्या मनांत जर असा प्रश्न आला कीं, यांत माझें अक्षर कोणतें, तर त्याचें उत्तर अंकलिपीजवळ आहे काय?

कणकवलीच्या आसमंतांतील एखादें पांच वर्षांचें मूल डोळ्यांसमोर आणावें. हा तालुका १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं १ मे रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला आणि तो त्यांत आला. येथील मुलाच्या कानांवर घरीं मालवणी बोली पडते. अंगणास त्याच्या घरीं खळें म्हणतात. काजूच्या रसाळ फळास तें बोंडू म्हणतें. माडाची वाळलेली चुडतें चुलीपाशीं पडलेलीं त्यानें पाहिलीं आहेत. ऊन ऊन पेज तें फुंकून प्यालें आहे. दशावतारांतील संकासुर पाहून आईच्या पदराआड तें दडलें आहे. एवढी संपत्ति घेऊन तें शाळेंत येतें, आणि पुस्तक उघडून पाहतें तों त्यांत शहामृग आहे, ऐरण आहे, यज्ञ आहे. परंतु बोंडू नाहीं, चुडत नाहीं, पेज नाहीं, संकासुर नाहीं. यावरून तें कोणता निष्कर्ष काढील? पुस्तक अपुरें आहे असा निष्कर्ष मूल काढीत नसतें. आपल्या घरच्या वस्तु लिहिण्याजोग्या नसाव्यात असाच तें काढतें, आणि त्याविषयीं कोणाजवळ एक शब्दही बोलत नाहीं.

परंतु येथें घाई करून भागणार नाहीं. कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कित्येक अंकलिप्यांत 'आ आगगाडीचा' असें असे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहता झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजीं. म्हणजे त्यापूर्वींच्या किती तरी पिढ्यांनीं कणकवलीस आगगाडी पाहिली ती केवळ कागदावर. ती त्यांच्या घाटांतून धांवत नव्हती, 'आ' या अक्षराशेजारीं उभी होती. त्या चित्रानें त्यांचें नुकसान झालें काय? उलट असें म्हणतां येईल कीं, जें दारांत नाहीं तें मनांत आणून देणें हेंच तर अक्षराचें सामर्थ्य. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या बापाचें पत्र ज्या घरीं येई, त्या घरच्या मुलास अक्षराचा हा गुण शिकविण्याची गरज नव्हती. तेव्हां दूरची वस्तु पुस्तकांत आहे ही तक्रार नव्हे. दूरच्या वस्तूस पान आहे आणि जवळच्या वस्तूस नाहीं, ही तक्रार आहे. शहामृगानें यावें, खुशाल यावें. पण त्यास बसावयास देण्याकरितां घरच्या कोंबडीस हुसकून लावूं नये.

वस्तूंच्या निवडींत दूर आणि जवळ एवढाच भेद नसतो. तींत उच्च आणि नीच हाही भेद दडलेला असतो. कणकवलीस हा मुद्दा समजावून सांगावयास नको. तेथें आप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९४८ सालीं गोपुरी आश्रम स्थापिला. याच आप्पासाहेबांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम आपणांस करूं द्यावें म्हणून आग्रह धरिला होता, आणि त्यासाठीं उपोषण आरंभिलें होतें. पुढें गोपुरींत त्यांनीं मेलेल्या गुरांचें चामडें कमाविण्याचे व मैल्याचें खत करण्याचे प्रयोग केले, सोप्या संडासाचा प्रसार केला. समाजानें ज्या वस्तु नजरेआड ढकलल्या होत्या त्या त्यांनीं हातांत घेऊन सर्वांसमोर ठेविल्या. अशा भूमींत बसून अंकलिपि चाळतांना मनांत येतें कीं, हिच्यांत मुकुट आहे, रथ आहे. पण खराटा कोठें आहे? फावडें, टोपली, आरी, कातडें हीं कोठें आहेत? जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शाळेंत मोडी व बालबोध वाचनलेखनाबरोबर शेतीचें आणि आरोग्याचें प्राथमिक ज्ञान द्यावें अशी मागणी होती. ज्याच्या बापाच्या हातीं दिवसभर फावडें असतें त्या मुलाला फ हें अक्षर फुलाचें म्हणून शिकवावें यांत वाईट कांहीं नाहीं. तथापि तें फावड्याचेंही आहे असें त्याला एकदां तरी ऐकूं आलें, तर बापाच्या हाताकडे तें निराळ्या दृष्टीनें पाहील.

मग उपाय काय? प्रत्येक तालुक्यास निराळी अंकलिपि छापावी असें कोणी सुचवील. तसें केल्यास पुस्तकें पालटतील, पण घेणारें मूल घेणारेंच राहील. याहून सोपा आणि सखोल उपाय असा कीं, अंकलिपि मुलांनींच करावी. कागदाचीं पानें दुमडून मध्यें दोरा ओवावा. एका पानास एक अक्षर द्यावें. त्या अक्षराचा शब्द मुलानें आपल्या तोंडानें आणावा, चित्र त्यानेंच काढावें, आणि शिक्षकानें त्याखालीं तो शब्द स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावा. न्यूझीलंडमध्यें माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या बाईंनीं असाच मार्ग धरिला होता आणि १९६३ सालच्या आपल्या 'टीचर' या पुस्तकांत तो वर्णिला आहे. त्या प्रत्येक मुलास विचारीत कीं, आज तुला कोणता शब्द हवा? आणि तो पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या हातीं देत. भीति आणि प्रेम यांतून आलेले शब्द मुलें एकदां पाहूनच ओळखूं लागत. पुस्तकी शब्द मात्र पुनःपुन्हां विसरत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जें काम केलें त्याचें मर्मही हेंच होतें. मूल शाळेंत येत नाहीं तर शाळा त्याच्या अंगणांत गेली; तें गुरें राखावयास गेलें तर शाळा कुरणांत गेली; पानें, बिया, खडे हींच शिकविण्याचीं साधनें झालीं. 'अंगणवाडी' हा शब्द आज साऱ्या देशांत रूढ आहे. पण त्याच्या पोटांतला विचार शब्दाइतका दूर पोंचला असें म्हणवत नाहीं.

असें पुस्तक करूं लागलें म्हणजे जें घडतें तें केवळ मनोरंजन नसतें. कणकवलीचें मूल म या अक्षरासाठीं धांवत जाऊन माड आणतें. शिक्षक जर केवळ चूक काढणारा असेल तर म्हणेल, 'हा म नव्हे, मा.' शिक्षक जाणता असेल तर माड लिहून देईल आणि विचारील, 'मध आणि माड यांत तोंड कोठें अधिक उघडतें?' मूल दोन्ही शब्द म्हणून पाहील, आणि कान्याचा शोध त्याला स्वतःच लागेल. छापील अंकलिपि ही अडचण शहाणपणानें टाळते. ती मगर किंवा मका निवडते. पण टाळलेली अडचण म्हणजे हुकलेला धडा. तसेंच च च्या पानावर एकानें चूल काढली आणि दुसऱ्यानें चिमणी काढली, तर एखादें चौकस मूल विचारील कीं, हीं दोन्ही एकाच अक्षराचीं कशीं? चुलींतला च दांतांपाशीं उच्चारला जातो, चिमणींतला टाळूपाशीं. मराठींत दोन उच्चारांस एकच चिन्ह आहे. ज आणि झ यांचीही तीच गत. जाळें आणि जीभ म्हणून पाहावें. मोठमोठे वैयाकरण ज्या प्रश्नाशीं झगडले तो येथें चौथ्या पांचव्या वर्षीं उभा राहतो.

आणखी एक अडचण पाहा. ण आणि ळ यांनीं आरंभ होणारा शब्द मराठींत मिळत नाहीं. अंकलिपि तेथें बाण आणि बाळ यांचीं चित्रें देऊन वेळ मारून नेते. पण कणकवलीच्या मुलास ण शोधावयास दूर कशाला जावयास हवें? तो त्याच्या गांवाच्या नांवांतच, दोन क च्या मध्यें बसला आहे. शेजारच्या मालवणांत तो शेवटीं उभा आहे. ळ हवा तर कुडाळांत आहे. दोन मात्रा वैभववाडींत आहेत, अनुस्वार सावंतवाडींत आहे, आणि रफार पाहावयाचा तर वेंगुर्ल्यास जावें. एस. टी. च्या पाट्या वाचीत वाचीत या एका जिल्ह्यांत अर्धी बाराखडी पुरी होईल. ण हा बाणाचा होता तोंवर तें अक्षर होतें. तो कणकवलीचा झाला तेव्हां तें मुलाच्या पत्त्याचा भाग झालें.

या मार्गावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप क्रमाविषयीं. आपली वर्णमाला ही कांहीं वस्तूंची रास नव्हे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानें ओळीनें लावून पूर्वजांनीं ती रचिली आहे. मुलांच्या हौसेपायीं ती मोडावी काय? मुळींच नाहीं. क्रम हा पूर्वजांचा, तो जसाच्या तसा घ्यावा. त्या क्रमांतलीं घरें भरावयाचीं तीं मात्र आपल्या वस्तूंनीं. वाडा आजोबांनीं बांधिला म्हणून त्यांत नातवंडांनीं आपलें सामान ठेवूं नये असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, कारण तो आईबापांकडून येतो. 'आमचें मूल बोलींतच गुरफटून राहावें काय? त्याला मुंबईस जावयाचें आहे, जगांत जावयाचें आहे. आम्ही घरीं मालवणी बोलतों हेंच आम्हांस अडचणीचें झालें. आतां शाळेनेंही बोंडू शिकवावा काय?' ज्यांनीं आपल्या बोलीपायीं चारचौघांत हंसें सोसलें त्यांच्या तोंडीं हा प्रश्न शोभतो, आणि त्यास उपहासानें उत्तर देणें हें निर्दयपणाचें होईल. परंतु त्यांनीं एका गोष्टीचा विचार करावा. अंकलिपीच्या पहिल्याच पानावर जो अननस असतो तो कोठला? तो दक्षिण अमेरिकेंतला; त्याचें फळ आणि नांव दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलीं. आणि ज्याला आपण खास कोकणचा म्हणतों तो काजू? तोही तेथलाच, आणि त्याच वाटेनें आलेला. मग आज काजू आपला आणि शहामृग परका, असें कां? काजू आपल्या डोंगरांत रुजला, त्याचा चीक आपल्या हातांस लागला, त्याच्या बिया आपण भाजल्या. वापरानें तो आपला झाला. शब्दांचेंही तसेंच आहे. प्रमाण भाषा, इंग्रजी भाषा, जगांतील कोणतीही भाषा मुलास आपली करितां येईल. पण रुजण्यास आधीं माती लागते, आणि ती माती म्हणजे घरची बोली. बोंडू पुस्तकांत आला म्हणून मूल बोंडूपाशीं अडून राहत नाहीं; बोंडूला लाजावयास शिकलें तर मात्र तें पुढें प्रत्येक शब्द चोरट्यासारखा उच्चारील.

तिसरा आक्षेप आमच्या स्वतःच्या पक्षावरच आहे. नवी म्हणून आलेली प्रत्येक पद्धति लवकरच देखाव्याची होते. मुलांनीं पुस्तक करावें असा हुकूम सुटला कीं, आदल्या रात्रीं आई चित्रें कातरते, बाप तीं चिकटवितो, आणि सकाळीं मूल तें ओझें शाळेंत पोंचवितें. प्रदर्शनांत तें पुस्तक सुंदर दिसतें, पाहुणे शाबासकी देतात, आणि ज्याच्या नांवावर तें उभें आहे त्यानें त्यांत एक रेघही ओढलेली नसते. अशा सुंदर पुस्तकापेक्षां छापील अंकलिपि शतपटीनें प्रामाणिक. ती निदान मुलानें केली असें सोंग तरी करीत नाहीं. मुलाच्या पुस्तकाची कसोटी सौंदर्य नव्हे. त्यांतील कुर्ली पालीसारखी दिसली तरी चालेल. ती त्याची कुर्ली आहे काय, एवढेंच पाहावें.

ज्या मुलास शिकणें जड जातें त्याचाही या ठिकाणीं विचार केला पाहिजे. आपल्या भाषेंत अशा मुलास 'ढ' म्हणण्याची चाल आहे. ब्राह्मी लिपींतील ढ आणि आजचा ढ यांच्या वळणांत फारसा फरक पडला नाहीं. दोन हजार वर्षांत इतर अक्षरें पालटलीं, हें होतें तसेंच राहिलें, म्हणून पुढें न सरकणाऱ्यास हें नांव पडलें, अशी एक उपपत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, अक्षर माणसाचें व्हावें अशी आपली इच्छा असतां येथें माणूसच अक्षराचा झाला, आणि तोही अपमानासाठीं. वर्गांत ढ चें पान उघडतें तेव्हां सर्वांच्या माना कोणाकडे वळतात हें ज्या मुलानें एकदां पाहिलें, त्याला उरलेली वर्णमाला शिकण्याची गोडी कोठून लागावी? ज्या प्रांतांत मृगाच्या आरंभीं घरोघरचे डोळे आभाळाकडे लागतात, तेथें ढ हा ढगाचा आहे, आणि ढगासारखी मोलाची वस्तु त्या दिवसांत दुसरी नाहीं. तें पान त्याच मुलाकडून करवून घ्यावें. उपदेशानें जें जात नाहीं तें अशा एखाद्या चित्रानें जाण्याचा संभव असतो.

पतंजलीनें महाभाष्यांत एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. घट हवा असणारा मनुष्य कुंभाराच्या घरीं जातो आणि घट करून मागतो. परंतु शब्द हवे म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरीं जाऊन ते करून मागत नाहीं. शब्द लोकांत असतात, लोकव्यवहारांतून येतात. शास्त्र त्यांची व्यवस्था लावतें. हाच न्याय अंकलिपीस लावावा. वर्णांची व्यवस्था शास्त्रानें लावून ठेविली आहे. शब्द मुलाच्या खळ्यांत, परसांत, बाजाराच्या वाटेवर आहेत. दोहोंची गांठ घालून देणें एवढेंच शिक्षकाचें आणि पुस्तकाचें काम.

त्याकरितां मोठी सुधारणा होईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. अंकलिपि छापणाऱ्यांनीं प्रत्येक अक्षराच्या चित्राशेजारीं तेवढ्याच आकाराचा एक कोरा चौकोन सोडावा. अननस असूं द्यावा, शहामृग असूं द्यावा, आगगाडी तर अवश्य असावी. आतां ती कणकवलीस थांबतेही. त्यांच्या शेजारचा तो चौकोन मात्र मुलाचा. तेथें बोंडू येईल, खराटा येईल, ढग येईल, कोणाच्या आजीचें नांव येईल. मग 'अक्षर कोणाचें?' असें विचारल्यावर मुलाला छापील चित्रावर बोट ठेवितां येईल आणि लगेच दुसऱ्या चित्रावरही ठेवितां येईल. दोन धनी असलेलें अक्षर त्यास गोंधळांत पाडील अशी भीति बाळगूं नये. एक वस्तु दोघांनीं वांटून घेणें हें मुलें आपणांहून लवकर शिकतात.